मर्यादा कमाईवर घाला, कामावर नको : गेम इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेम इंजिनच्या, म्हणजे गेम ज्याच्या आधाराने बनतात त्या तयार सॉफ्टवेअरच्या, मोफत आवृत्तीत काय द्यायचं आणि पैसे भरणाऱ्यांसाठी काय राखून ठेवायचं, ही रेघ तुमच्याकडे जे कोणी आखतात त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मी एकटीने छोटे गेम बनवते आणि नव्याने या कामात उतरणाऱ्यांना शिकवते. मी सध्या जे इंजिन वापरते त्या कंपनीची गेल्या महिन्यात ईमेल आली. पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून मोफत वापरणाऱ्यांना प्रोफायलर (गेम नेमका कुठे मंदावतोय ते दाखवणारं साधन) मिळणार नाही, आणि एका प्रकल्पात ठरावीक संख्येपेक्षा जास्त सीन (मेनू, टप्पा असे गेमचे सुटे भाग) ठेवता येणार नाहीत. योजना सुटसुटीत करायच्या आहेत, एवढंच कारण त्यात दिलं होतं.

कंपनीचं नाव मी घेत नाही. आज एकीने हे केलंय, उद्या दुसरी करेल, आणि कोणत्या गोष्टीला कुलूप लावणं योग्य यावर आपल्या क्षेत्रात कधी धड बोलणंच झालेलं नाही. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना.

इंजिन फुकटच मिळालं पाहिजे असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. त्यामागे किती माणसांचं किती वर्षांचं काम असतं याची मला कल्पना आहे. भौतिकशास्त्राचं गणित, प्रकाश, आवाज, दहा प्रकारच्या उपकरणांवर एकच गेम चालवून दाखवणं, हे सगळं मला आयतं मिळतं म्हणून मी एकटी गेम बनवू शकते. त्याची किंमत असायला हवी आणि ती कोणीतरी द्यायला हवी. माझा आक्षेप ती किंमत कोणाकडून, कधी आणि कशाच्या बदल्यात घेतली जाते याला आहे.

प्रोफायलरबद्दल मी इतकी अस्वस्थ का झाले, ते सांगते.

माझा पहिला गेम मी दुसऱ्याच एका इंजिनमध्ये बनवला. त्याच्या मोफत आवृत्तीत प्रोफायलर नव्हता. मेनूत नाव दिसायचं, पण करड्या रंगात, शेजारी कुलपाचं चित्र. पावसात भिजणाऱ्या एका शेतातून धावत जायचा साधा गेम होता. माझ्या कॉम्प्युटरवर तो लोण्यासारखा चालायचा. फोनवर घातला की दर काही सेकंदांनी अडखळायचा, नेमका उडी मारायच्या वेळी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातले कोणते मिलिसेकंद कोण खातंय हे प्रोफायलर आलेख काढून दाखवतो. तो नसेल तर अंदाजाने एकेक गोष्ट बंद करून बघायची.

मी तेच केलं. आधी चित्रांवर संशय घेतला आणि सगळ्या चित्रांचा आकार निम्मा केला. गेम धूसर दिसायला लागला, अडखळणं तसंच. मग आवाज काढले. मग सावल्या. मग पाऊस काढला. त्या पावसावर मी तीन आठवडे बसले होते. पाऊस गेल्यावर अडखळणं थोडं कमी झाल्यासारखं वाटलं, म्हणून दोषी पाऊसच असं मी ठरवून टाकलं. अकरा रात्री यात गेल्या.

शेवटी एका मैत्रिणीने तिच्याकडच्या सशुल्क आवृत्तीत माझा प्रकल्प उघडला आणि प्रोफायलर लावला. वीस मिनिटांत उत्तर मिळालं. माझ्या गेममधला प्रत्येक पक्षी दर फ्रेमला आजूबाजूच्या पक्ष्यांची नवी यादी बनवत होता. पक्षी ४०, म्हणजे सेकंदाला २४०० याद्या. त्या वापरून टाकून दिल्या जात होत्या, मेमरीत कचरा साठत होता, आणि तो उपसायला गार्बेज कलेक्टर आला की त्याचं काम होईपर्यंत गेम थांबत होता. यादी एकदाच बनवायची आणि दर वेळी रिकामी करून पुन्हा भरायची, एवढाच उपाय होता. दोन ओळी बदलल्या आणि काम झालं. पावसाचा यात काडीचाही संबंध नव्हता. पण तोवर मी पावसाच्या फायली पुसून टाकल्या होत्या, आणि तो गेम पावसाशिवायच बाहेर पडला.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. प्रोफायलर, डीबगर (कोड पायरीपायरीने थांबवत तपासायचं साधन), मेमरी तपासायचं साधन, एररचा पूर्ण तपशील ही चैनीची साधनं नाहीत. आपण काय बनवलंय ते बघायचे हे डोळे आहेत. जास्त झगमगाट हवा असेल तर पैसे द्या, असं तुम्ही म्हणालात तर ते मला समजतं. चूक कुठे आहे हे बघायचं असेल तर पैसे द्या, हे मला पटत नाही. ज्याला अनुभव आहे तो चूक वासावरूनही ओळखतो. नवशिक्याला या साधनाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि मोफत आवृत्ती नवशिकेच वापरतात. शिवाय यात नुकसान तुमचंही आहे. तो अडखळणारा गेम ज्यांनी खेळला, त्यांनी माझं नाव लक्षात ठेवलं नसेल. सुरुवातीला दिसणारं तुमचं बोधचिन्ह मात्र त्यांनी पाहिलं.

युनिटी या इंजिनचा इतिहास इथे आठवण्यासारखा आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी आपली प्राथमिक आवृत्ती मोफत केली. हे पाऊल मोठं होतं आणि त्यामुळे असंख्य माणसं या क्षेत्रात आली. पण रेघ वैशिष्ट्यांवरून आखलेली होती. प्रोफायलर सशुल्क प्रो आवृत्तीत, पडद्यावरच्या चित्रावर नंतर करायचे परिणाम प्रो आवृत्तीत, हलत्या प्रकाशाच्या सावल्याही तिकडेच, आणि प्रो आवृत्तीची किंमत १५०० डॉलर. त्या काळातले मोफत आवृत्तीतले गेम सावल्यांवरून ओळखू यायचे, कारण पात्रांच्या पायाखाली एक काळा गोल ठिपका चिकटवलेला असायचा. मार्च २०१५ मध्ये युनिटी ५ आलं तेव्हा त्यांनी ही रेघ पुसली. इंजिनची सगळी वैशिष्ट्यं पर्सनल या मोफत आवृत्तीत दिली आणि मर्यादा कमाईवर घातली: वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांना मोफत. पुढे ती मर्यादा २ लाख डॉलर झाली.

अनरियल या इंजिननेही वेगळ्या वाटेने तेच केलं. मार्च २०१४ मध्ये महिना १९ डॉलर आणि वर ५ टक्के रॉयल्टी (गेमच्या कमाईतला वाटा), सोबत इंजिनचा पूर्ण सोर्स कोड, म्हणजे मूळ कोड. वर्षभरात मासिक शुल्क गेलं. मे २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की एका गेमच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर रॉयल्टी नाही. गेममेकर या इंजिनने नोव्हेंबर २०२३ मध्ये बिगर-व्यावसायिक वापर मोफत केला आणि विक्रीसाठी एकदाच भरायचं शुल्क ठेवलं; कन्सोलसाठीची (खास गेम खेळायच्या यंत्रांसाठीची) वर्गणी वेगळी राहिली. तिघांच्या हिशेबात फरक आहे, पण तत्त्व सारखंच: आधी काम करू द्या, कमावायची वेळ आली की पैसे घ्या. हे परवडत नाही असं आता कोणी म्हणू नये. तीन मोठ्या कंपन्यांनी ते करून दाखवलंय. मग वैशिष्ट्यं कापायच्या जुन्या पद्धतीकडे परत का जायचं?

आता सीनच्या मर्यादेविषयी. संख्येची मर्यादा, मग ती सीनची असो, इव्हेंटची ('असं झालं तर तसं कर' अशा गेममधल्या नियमांची) असो किंवा लेयरची (एकावर एक रचलेल्या थरांची), मला कुलपापेक्षाही घातक वाटते. कुलूप निदान समोर दिसतं. संख्येची मर्यादा माणसाला वाईट सवयी लावते आणि त्या कशामुळे लागल्या हेही त्याला कळत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. इव्हेंट मोजणाऱ्या एका इंजिनमध्ये तो कोड्यांचा गेम बनवत होता. रंग जुळवायचे, दारं उघडायची. रंगांधळ्या खेळाडूंना रंग ओळखता येणार नाहीत हे त्याचं त्यालाच सुचलं, मी सांगितलं नव्हतं. त्याने प्रत्येक रंगाला एक आकार जोडला आणि सेटिंगमध्ये तशी सोय केली. मग इव्हेंट संपले. दुसऱ्या दिवशी त्याने गेम दाखवला तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती. गेम मध्येच थांबवायचं बटणही गेलं होतं. उरलेल्या इव्हेंटमध्ये त्याने पाच-पाच अटी एकात एक कोंबल्या होत्या, म्हणजे मोजणीत एकच धरला जाईल. आठवड्याने त्यातली एक अट बदलायची वेळ आली तेव्हा स्वतःचंच लिहिलेलं त्याला वाचता येईना.

मी वर्गात वर्षभर घसा कोरडा करून सांगते: लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला एकच काम द्या, सुटं ठेवा. तुमची मोजणी त्या मुलाला बरोबर याच्या उलट शिकवत होती. सीनच्या मर्यादेचंही हेच होणार. मेनू, सेटिंग, गेमचे टप्पे, शेवट हे सगळं लोक एकाच अवाढव्य सीनमध्ये कोंबतील, आणि मग तुमचं इंजिन मंद आहे अशी तक्रार करतील.

तिसरा मुद्दा पैसे थांबल्यावर काय होतं याचा. आम्ही दोघांनी मिळून एक गेम केला होता, चौदा महिने लागले. दरमहा वर्गणी भरत होतो. गेम बाहेर पडला, विक्री बेताची झाली, वर्गणी बंद केली. काही आठवड्यांनी लक्षात आलं की शेवटच्या श्रेयनामावलीत संगीत देणाऱ्याच्या नावातलं एक अक्षर चुकलंय. एक अक्षर दुरुस्त करायचं होतं. मोफत आवृत्तीने प्रकल्प उघडायला नकार दिला, कारण त्यात सशुल्क आवृत्तीतलं एक वैशिष्ट्य वापरलेलं होतं. फायली त्या इंजिनच्या स्वतःच्या बंद साच्यात, त्यामुळे साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही काही करता येईना. आमचा गेम, आमच्या कॉम्प्युटरवर, आणि अक्षर बदलायला पुन्हा महिन्याचे पैसे. आम्ही ते भरले, कारण त्या माणसाने आमच्यासाठी फार कमी मोबदल्यात काम केलं होतं आणि त्याचं नाव तरी नीट यायलाच हवं होतं. पण तुम्ही ओलीस ठेवल्यासारखं वाटलं, ते अजून गेलेलं नाही.

वर्गणी थांबली तर नवी वैशिष्ट्यं थांबवा. नव्या आवृत्त्या देऊ नका. मदतकक्षाची दारं बंद करा. पण केलेलं काम उघडता येणं, त्यात दुरुस्ती करता येणं आणि त्याची बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी तयार प्रत, काढता येणं हे बंद करायचा अधिकार तुम्हाला नाही, असं मला वाटतं. करारात तुम्ही तसं लिहून घेतलं असलं तरी.

बोधचिन्हाबद्दल माझी तक्रार नाही. मोफत इंजिन वापरलं तर सुरुवातीला दोन सेकंद त्यांचं नाव दाखवावं, हा व्यवहार सरळ आहे. युनिटी ६ पासून पर्सनल आवृत्तीतही ते ऐच्छिक झालंय, ते चांगलंच झालं, पण सक्तीचं असतं तरी मी वाद घातला नसता. खेळ चालू असताना कोपऱ्यात सतत दिसणारा वॉटरमार्क मात्र नको. तो खेळणाऱ्याच्या आणि खेळाच्या मध्ये येतो. आणि काळ्या पार्श्वभूमीच्या थीमसारखी गोष्ट पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवू नका. युनिटीत ती २०२० पर्यंत तशी राखून ठेवलेली होती. रात्री नोकरीवरून आल्यावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांचा तो प्रश्न आहे.

चौथा मुद्दा मघाच्या सगळ्यांच्या मुळाशी आहे: नियम मध्येच बदलणं.

१२ सप्टेंबर २०२३ हा दिवस आमच्यापैकी कोणी विसरलेलं नाही. युनिटीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क घेतलं जाईल. मोफत आवृत्तीत बनवलेल्या गेमसाठी ती मर्यादा वर्षाला २ लाख डॉलर कमाई आणि एकूण २ लाख इन्स्टॉल अशी होती, आणि शुल्क इन्स्टॉलमागे २० सेंट. माझ्यासारखीला ती मर्यादा स्वप्नातच ओलांडता येईल, हे खरं आहे. तरी मी त्या रात्री झोपले नाही. कारण आधीच विकले गेलेले गेमही त्यात धरले होते. लोकांनी जुन्या अटी वाचून, त्यावर हिशेब मांडून, वर्षं घालवून गेम बनवले होते, आणि कंपनीने एका घोषणेत तो हिशेब उलटा केला. दहाच दिवसांत त्यांना तो निर्णय बराचसा मागे घ्यावा लागला, पर्सनल आवृत्ती त्यातून वगळावी लागली, आणि वर्षभराने, १२ सप्टेंबर २०२४ ला, ते शुल्कच रद्द झालं. पण मधल्या काळात कितीतरी जणांनी अर्धवट झालेले गेम दुसऱ्या इंजिनमध्ये नेले. ज्याने असं स्थलांतर केलंय त्याला विचारा. चित्रं आणि आवाज उचलून नेता येतात. कोड, टप्प्यांची मांडणी, हालचालींचं बारीक जुळवलेलं गणित हे सगळं पुन्हा करावं लागतं.

त्यातून लोक ज्या इंजिनांकडे गेले त्यात गोडो होतं. फेब्रुवारी २०१४ पासून त्याचा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली (कोणीही फुकट वापरावा, बदलावा अशी मुभा देणाऱ्या) खुला आहे. तिथे मोफत आणि सशुल्क अशी रेघच नाही. मग तिकडेच का जात नाही, असं मला कोणीही विचारेल. कदाचित जाईनही. पण माझे तीन गेम, वर्गाची सगळी टिपणं, सराव, उदाहरणं तुमच्या इंजिनवर उभी आहेत. दुसरं म्हणजे, कन्सोलवर गेम न्यायचा तर कन्सोल बनवणाऱ्यांची साधनं गुप्ततेच्या करारात बांधलेली असतात, ती खुल्या कोडमध्ये घालता येत नाहीत. अशा ठिकाणी कंपनीच्या इंजिनचा खरोखर उपयोग होतो. पैसे घ्यायची हक्काची जागा तीच आहे. कन्सोलवर नेणं, तुमच्या सर्व्हरवर बिल्ड काढणं, मोठ्या गटासाठी हिशेब आणि परवानग्या सांभाळणं, प्रश्न विचारल्यावर ठरल्या वेळेत उत्तर देणारा माणूस, इंजिनचा सोर्स कोड: यातलं काहीही सशुल्क ठेवा, मी तक्रार करणार नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तुमचा दरमहा खर्च होतो. प्रोफायलरचं तसं नाही. तो माझ्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि माझंच काम मोजतो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

चूक शोधायची साधनं मोफत आवृत्तीतून काढू नका, आणि जिथे काढली असतील तिथे परत द्या. सीन, इव्हेंट, लेयर, ऑब्जेक्ट यांची संख्या मोजून मर्यादा घालणं बंद करा. मर्यादा हवीच असेल तर कमाईवर घाला, आणि आकडा स्पष्ट लिहा: एका वर्षाची कमाई की एकूण, एका गेमची की सगळ्या गेमची, मिळालेल्या देणग्या त्यात धरायच्या की नाहीत.

वर्गणी संपल्यावरही प्रकल्प उघडता यावा, त्यात बदल करून तो साठवता यावा आणि ज्या आवृत्तीत गेम बनला तिच्यातून बिल्ड काढता यावी. प्रकल्पाच्या फायली वाचता येतील अशा मजकुराच्या साच्यात ठेवायची सोय मोफत आवृत्तीतही द्या, म्हणजे गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नीट ठेवता येतील आणि उद्या निघायची वेळ आली तर रिकाम्या हाताने निघावं लागणार नाही.

एखाद्या आवृत्तीसोबत ज्या अटी मान्य केल्या, त्या त्या आवृत्तीपुरत्या कायम राहतील असं करारातच लिहा. नव्या अटी नव्या आवृत्तीला लावा. जुन्या अटींच्या प्रती तारखेसकट सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवा. मोफत आवृत्तीतून काही काढून घ्यायचं ठरलं, तर किमान वर्षभर आधी सांगा. गेमला वर्ष सहज लागतं.

सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त झाल्या की त्या दुरुस्त्या मोफत वापरणाऱ्यांपर्यंत त्याच दिवशी पोचाव्यात. यावर अधिक काही लिहायची गरज नसावी.

आणि शिकवणाऱ्यांना विचारा. तुमच्या मोफत आवृत्तीत माणूस पहिल्या महिन्यात कुठे अडतो, कुठे कंटाळून सोडून देतो, हे आम्ही रोज बघतो. ज्या ईमेलने मला हे पत्र लिहायला लावलं, ती पाठवण्याआधी एखाद्या वर्गात तासभर मागच्या बाकावर बसला असता, तर प्रोफायलरवर काट मारायचं धाडस झालं नसतं.

तुमची नवी आवृत्ती येईल त्याच सुमाराला माझा नवा वर्ग सुरू होतो. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, कोणतं इंजिन डाउनलोड करायचं? मला त्याआधी उत्तर ठरवायचं आहे, म्हणून तुमचं उत्तर मला त्याआधी हवं आहे. मला एकटीला ईमेल करू नका. सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर लिहा.

आपली,
गेम बनवणारी आणि शिकवणारी एक वापरकर्ती